पूर येण्याआधी चूल पेटवायला शिका

वेदगंगा पात्राबाहेर पडली की आमच्या गारगोटीच्या परिसरात एकेक गोष्ट ठरल्यासारखी बंद पडत जाते. आधी वीज जाते. मग नळ बंद होतो, कारण पाणी उपसणारी मोटार विजेवरच चालते. दुसऱ्या दिवशी मोबाईल मुका होतो. तिसऱ्या दिवशी रस्ता बंद. म्हणजे गॅसची टाकी नाही, दूध नाही, औषध नाही. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत झाली. त्याच जुलैत, ज्या महाडात बाबासाहेबांनी १९२७ साली पाण्याचा हक्क बजावला, ते महाड पुरात बुडाले आणि त्याच तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली वस्ती गाडली गेली.

निसर्ग जात पाहत नाही, असे म्हणतात. पण गाव वसवणाऱ्यांनी जात पाहिली होती. आपल्या अनेक वस्त्या गावाच्या कडेला, सखल जागी, ओढ्याकाठी आहेत. त्या तिथे कुणी हौसेने वसवलेल्या नाहीत. पाणी चढते तेव्हा आधी तिथे चढते. आणि मदत? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतील मदत छावण्यांत दलित कुटुंबांना वेगळी वागणूक मिळाल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ सांगते की, मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. पण कायदा बजावायलाही माणूस आधी जगला पाहिजे. मदत पोहोचेपर्यंतचे दोन-तीन दिवस आपले आपण काढता आले पाहिजेत.

हाच विचार करून आम्ही काही कार्यकर्त्यांनी उन्हाळी सुट्टीत एक शिबीर घेतले. पाटगावच्या वाटेवर एका बांधवाच्या शेतात, वस्तीतील मुले, तरुण आणि काही आया-बहिणी अशा तेवीस जणांनी दोन रात्री राहायचे. वीज नाही, गॅस नाही, मोबाईल पिशवीत बंद. जंगलाच्या हद्दीत जायचे नाही; आपल्याकडे गव्यांचा वावर आहे, म्हणून शेतातच मुक्काम.

आजीचा सवाल

निघायच्या आदल्या दिवशी विहारात बैठक झाली. तेव्हा वस्तीतील एक आजी उठून म्हणाल्या, “माझं डोळं चुलीच्या धुरानं गेलं. बाबासाहेबांच्या पुण्याईनं पोरांच्या घरात गॅस आला, लाईट आली. आता तुमी त्यास्नी परत रानात चुलीवर बसवायला निघालाय व्हय?”

सवाल खरा होता. ज्यांच्याकडे सर्व काही आहे त्यांना दोन दिवस रानात राहणे म्हणजे मौज वाटते. आपल्या आईबापांनी आयुष्य तसेच काढले, आणि ती मौज नव्हती, सक्ती होती. बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर टीका केली, ती याच अनुभवातून. आम्ही आजींना एवढेच म्हणालो, “आजी, रानात राहायला नाही, पुरात जगायला शिकायचं आहे. आणि ते आम्हाला येत नाही. तुम्ही चला.” त्या काही बोलल्या नाहीत. पण सकाळी टेम्पोजवळ पिशवी घेऊन उभ्या होत्या.

पहिल्याच संध्याकाळी वळिवाची सर आली आणि गोळा केलेले सरपण भिजले. आमच्यात पदवीधर होते, आय.टी.आय. झालेले होते. तासभर फुंकून निम्मी काडेपेटी संपली, डोळे लाल झाले, पण चूल काही पेटेना. लहान मुले भुकेने रडू लागली. तेव्हा आजींनी कोयता मागितला. जाड ओंडका उभा फोडला, आतल्या कोरड्या लाकडाच्या बारीक ढलप्या काढल्या. त्याखाली शेणीचा तुकडा ठेवला, वारा शिरेल अशी जागा सोडली आणि एका काडीत चूल धरली. म्हणाल्या, “लाकूड वरनं भिजतंय, आतनं न्हाई.” त्या रात्री नाचणीची आंबील आणि चटणी-भाकरी सर्वांनी पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाने आणि मुलीने आजींच्या देखरेखीखाली स्वतः चूल पेटवली. मुलगेही भाकरी थापायला बसले. पुरात घरची बाई आजारी पडली तर घर उपाशी राहता कामा नये.

पाणी, साप आणि अंधार

दुसरा धडा पाण्याचा. नदीचे गढूळ पाणी घागरीत निवू दिले, जुन्या सुती लुगड्याच्या चार पदरांतून गाळले आणि चांगली उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळत ठेवून झाकले. नुसते गाळल्याने गाळ जातो, रोगजंतू जात नाहीत, हे मुलांच्या मनावर बिंबवले. सरपण नसेल तर आरोग्य केंद्राकडून मिळणारे क्लोरीन सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. मग हिशेब मांडला. माणशी दिवसाला पिण्याचे किमान तीन लिटर, घरात पाच माणसे, तीन दिवस. म्हणजे पंचेचाळीस लिटर. मुलांनी ते नदीवरून वाहून आणले, तेव्हा पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागली नाही. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मापही सर्वांनी पाठ केले.

तिसरा धडा सापाचा. पुरात सापही कोरडी जागा शोधत घरात येतात. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, जमिनीवर झोपू नये. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला सरकारी दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास जीव घेतो. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना हे सांगायला नको. पण संकटात भली माणसेही डगमगतात.

आया-बहिणींनी स्वतःहून एक विषय काढला, जो आम्हा पुरुषांच्या यादीत नव्हता. शौचाला आडोसा कुठे? पाळीच्या दिवसांत काय? त्यांनी ताडपत्रीचा आडोसा केला, पाण्यापासून दूर खड्डा खणला, वर राख टाकायची शिस्त लावली. त्यानंतर आमच्या यादीत स्वच्छ कापड, पॅड आणि साबण सर्वांत वर आले.

रात्री शेकोटीभोवती बसून आपत्तीच्या खुणा सांगितल्या. डोंगर उताराला भेगा पडणे, झाडे आणि खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही दरडीची पूर्वसूचना असते; तेव्हा सामान न आवरता बाहेर पडावे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे गेली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. म्हणून पाणी दारात येण्याची वाट न पाहता, दिवसाउजेडी आणि आधी निघावे. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२ हे आकडे मोबाईलवर विसंबू न ठेवता भिंतीवर लिहावेत.

भिक्खूचे आठ परिष्कार

हे सारे आपल्याला नवे नाही. भिक्खूजवळ असायच्या वस्तू आठच: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे फडके. अडीच हजार वर्षांपूर्वी पाणी गाळायचे फडके जवळ बाळगायला सांगणारा हा धम्म आहे. महापरिनिब्बानापूर्वी तथागतांनी अखेरचा उपदेश केला तो अप्रमादाचा, सावधपणाचा. पूर्वतयारी म्हणजे दुसरे काय?

बाबासाहेबही पुराकडे नशीब म्हणून पाहत नव्हते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद झाली, तिचे ते अध्यक्ष होते. जास्तीचे पाणी हे संकट नव्हे, ते अडवून उपयोगात आणायची संपत्ती आहे, अशी त्यांची भूमिका होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेमागेही त्यांचे कष्ट आहेत. धरणाचे काम सरकारचे. घरातली पिशवी भरून ठेवण्याचे काम आपले.

ती पिशवी मृगाच्या आधी भरा. काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये बांधून, बॅटरी, सेलवर चालणारा रेडिओ, दोरी, ताडपत्री, नेहमीची औषधे, शेंगदाणे-गूळ, भडंग, कोरडी चटणी. फोडलेले सरपण आणि शेणी माळ्यावर ठेवा. बंद खोलीत कोळसा पेटवू नका. त्याचा विषारी वायू झोपेतच मारतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागद. २०१९ मध्ये आमच्या ओळखीच्या एका मुलीचा जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला पुरात लगदा झाला. भांडी पुन्हा घेता आली. दाखल्यासाठी तिच्या वडिलांना मजुरी बुडवून हेलपाटे घालावे लागले आणि तिचे प्रवेशाचे वर्ष गेले. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, रेशनकार्ड, सातबारा, गुणपत्रिका जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करा. एक प्रत उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवा. आपल्या पिढ्यांची कमाई सोन्यात नाही, त्या कागदांत आहे.

शिबिराहून परतल्यावर आजींच्या घरी गेलो. नातीने परसात तीन दगड मांडले होते आणि आजी बाजूला बसून तिला ओरडत होत्या, “आगं, वाऱ्याला जागा सोड!” आत गॅसवर चहा उकळत होता. आम्हाला हेच हवे होते. गॅस राहो, लाईट राहो, पण त्यावाचून अडू नये.

पुढच्या पावसाआधी आपापल्या विहारात एक रविवार यासाठी काढा. वस्तीतील म्हाताऱ्यांना गुरू करा. जयभीम.