धुराची राखण

वीज चमकली की बाई मोठ्याने आकडे मोजू लागायच्या. पंधरापर्यंत पोचल्या आणि गडगडाट आला. "तीन मैल," त्या म्हणाल्या आणि वहीत वेळ, दिशेचे अंश आणि एक फुली अशी नोंद करून पुन्हा खिडकीकडे वळल्या. पाच सेकंदांना एक मैल हा त्यांचा हिशेब. आकडा दहाच्या खाली आला की मी मनोऱ्यावरून उतरून खालच्या लाकडी खोलीत जायचं, हे सकाळीच ठरलं होतं. त्या मात्र वरच थांबणार होत्या. त्यांच्यासाठी एक बुटकं स्टूल होतं, चारही पायांना जाड काचेचे खुंट बसवलेलं. मनोऱ्यावर वीज पडली तर ती सळईतून तारेवाटे जमिनीत उतरते. तरीही वादळ डोक्यावर असेपर्यंत स्टुलावर बसून राहायचं, रेडिओला हात लावायचा नाही, लोखंडाला टेकायचं नाही.

हे हिल्सबरो शिखर. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या नैऋत्येला, हिला राष्ट्रीय वनात, ब्लॅक रेंज नावाच्या रांगेवर १०,०११ फुटांवर वणव्याची टेहळणी करणारा हा लोखंडी मनोरा उभा आहे, आणि बाई त्यावरच्या टेहळणीवाल्या. एमरी खिंडीत गाडी सोडायची आणि रांगेच्या माथ्यावरून सुमारे पाच मैल चालायचं. काही वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे गेलो आणि मनोऱ्याजवळ तंबू ठोकून तीन रात्री राहिलो. समोर पसरलेलं अरण्य अल्डो लिओपोल्ड यांच्या नावाचं आहे. दोन लाखांहून जास्त एकर, त्यात एकही मोटाररस्ता नाही. अशा अरण्याला तिकडे वाइल्डरनेस म्हणतात, आणि १९६४च्या कायद्यानुसार एरवी तिथे यंत्राची करवतसुद्धा चालत नाही. वाटेवर झाड पडलं तर दोन माणसं समोरासमोर उभी राहून लांब करवतीने ते कापतात.

दुपारी चारपर्यंत वादळ पूर्वेला सरकलं. आकडा बारापर्यंत येऊन पुन्हा वाढत गेला, त्यामुळे मला उतरावं लागलं नाही. वहीत तेवीस फुल्या झाल्या होत्या. पाऊस दिसत होता, पण ढगाखाली लोंबणाऱ्या करड्या झालरीसारखा. जमिनीला टेकण्याआधीच तो हवेत विरत होता. मे-जूनमध्ये इथली वीज अशीच कोरडी असते. जुलै उजाडला की दक्षिणेकडून दमट वारे येतात आणि खरा पाऊस सुरू होतो. त्या मधल्या काळात विजेला लाकूड कोरडं मिळतं आणि विझवायला पाणी नसतं.

खरं काम वादळ गेल्यावर सुरू झालं. बाई एका वेळी क्षितिजाचा एक तुकडा घ्यायच्या. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने, जवळच्या दरीपासून लांबच्या कड्यापर्यंत, आणि मग पुढचा तुकडा. वहीतल्या प्रत्येक फुलीवर नजर जास्त वेळ थांबायची. पाऊस पडून गेलेल्या दऱ्यांतून वाफेचे पांढरे पुंजके वर चढत होते. टेहळणीवाले त्यांना वॉटरडॉग म्हणतात. मी दोनदा बोट दाखवलं, दोन्ही वेळा ती वाफच निघाली. "धुराला मूळ असतं," त्या म्हणाल्या. "वाफ जागा सोडून चालू लागते. धूर खाली एका जागी बांधलेला राहतो." त्या संध्याकाळी मुळाचा धूर दिसला नाही. त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. वाळलेल्या खोडाच्या पोटात ठिणगी कित्येक दिवस, कधी कधी आठवडेही निजून राहते.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला जागी झाली. उन्हाची तिरीप दरीत तिरकी येत होती आणि वायव्येच्या एका सोंडेवर निळसर दोरा उभा राहिला होता. मला तो दाखवूनही दिसेना; दिसला तेव्हा मात्र नजर हलेना.

मनोऱ्यावरच्या खोलीच्या मधोमध ओसबॉर्न फायर फाइंडर नावाचं यंत्र होतं. विल्यम ओसबॉर्न या वनखात्यातल्या माणसाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ते बनवलं आणि आजही त्यात फारसा बदल नाही. गोल नकाशा, त्याच्या केंद्रावर हाच मनोरा, भोवती अंश कोरलेली फिरती कडी. कडीवर एका बाजूला बारीक फट आणि समोरच्या बाजूला ताणून बसवलेला घोड्याचा उभा केस. फटीतून पाहत केस धुराच्या बुंध्यावर आणला की दिशा मिळते. एका मनोऱ्यावरून फक्त रेषा मिळते. पश्चिमेकडच्या दुसऱ्या मनोऱ्यावरच्या माणसानेही तो धूर पाहिला, त्याची रेषा रेडिओवर आली आणि दोन्ही रेषा नकाशावर जिथे छेदल्या तिथे पेन्सिलचं टोक टेकलं. मग सिल्व्हर सिटीच्या नियंत्रण कक्षाला माहिती गेली: जागा, धुराचा रंग, वाऱ्याची दिशा, उतार कुठल्या तोंडाचा, आसपास झाडं कोणती, अंदाजे क्षेत्र एकराचा दहावा भाग. आपल्या हिशेबाने चार गुंठे.

मी मावळातला. आमच्याकडे होळीच्या सुमाराला समोरच्या डोंगरावर रात्री नारिंगी रेघ दिसली की गावातली पोरं ओल्या डहाळ्या तोडून धावायची. वणवा झोडपायचा असतो, एवढंच मला माहीत. त्यामुळे त्या मनोऱ्यात उभं राहून माझे हात शिवशिवत होते. सिल्व्हर सिटीला पॅराशूटने उड्या मारून आग विझवणाऱ्या जवानांचा हंगामी तळ आहे. तिथून विमान यायला कितीसा वेळ लागेल, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आज बहुधा कोणीच येणार नाही."

दहा वाजता रेडिओवर निर्णय आला. आग विझवायची नाही, लक्ष ठेवायचं. ती अरण्याच्या आत होती, वारा मंद होता, दमट हवा दक्षिणेकडून निघाली होती आणि सोंडेच्या दोन्ही बाजूंना उघडे खडक होते. हे सगळं पाहून, तारीख लक्षात घेऊन कोणीतरी जबाबदार माणसाने सही केली होती. हिलामध्ये १९७०च्या दशकाच्या मध्यापासून विजेच्या काही आगींना अशी मुभा मिळत आली आहे. त्याआधी देशभर उलटा नियम होता. १९१०च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटाना भागात दोन दिवसांत ३० लाख एकर जळून ८०च्या वर माणसं गेली, आणि त्या धसक्यात वाढलेल्या वनखात्याने १९३५ साली ठरवलं की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात यायला हवी.

त्या नियमाने काय केलं, ते येतानाच्या वाटेवर मी पाहिलं होतं. ७ जून २०१३ रोजी याच रांगेत वीज पडली आणि सिल्व्हर फायर सुरू झाला. सुमारे १ लाख ३८ हजार एकर जळले. मैल मैल चालत गेलो तरी दोन्ही बाजूंना काळे, सोललेले, उभे मेलेले वृक्ष. त्यांच्या पायथ्याशी ॲस्पेन, ओक आणि काटेरी लोकस्टची दाटी. त्यातच मधे पॉन्डेरोसा पाइनचा एक तुकडा वाचला होता. त्यांच्या जाड, तांबूस सालीला नाक लावलं तर व्हॅनिलाचा वास येतो. बुंध्याला जमिनीलगत त्रिकोणी काळी खाच होती, एकात एक वळ्या असलेली. प्रत्येक वळी म्हणजे एक जुनी आग, जी झाडाने सोसली आणि भरून काढली. अशा खोडांच्या चकत्या मोजून ॲरिझोना विद्यापीठाच्या टूसॉनमधल्या वृक्षवलय प्रयोगशाळेने दाखवून दिलं आहे की नैऋत्येतल्या पाइनवनांत पूर्वी दर काही वर्षांनी गुडघ्याएवढ्या ज्वाळांची आग गवतातून फिरून जायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला गुरामेंढरांनी ते गवत खाऊन टाकलं, पुढे माणसांनी आगी विझवल्या, आणि वळ्या थांबल्या. मोठ्या झाडांखाली फरची रोपं दाटली. आज जमिनीवरची आग त्यांच्या फांद्या शिडीसारख्या धरून थेट शेंड्याला पोचते.

लिओपोल्ड स्वतः वनखात्याचे नोकर म्हणून १९०९ साली या मुलखात आले. १९२० साली त्यांनी मुद्दाम लावलेल्या हलक्या आगींच्या विरोधात हिरिरीने लिहिलं. चारच वर्षांत, दक्षिण ॲरिझोनाचे डोंगर नीट पाहिल्यावर, आग आणि चराई यांच्याबद्दलचं मत बदलून पुन्हा लिहिलं. त्याच १९२४ साली त्यांच्या प्रयत्नाने हिला हे जगातलं पहिलं असं राखीव वाइल्डरनेस झालं. पुराव्यापुढे आपलं छापलेलं मत मोडणारा सरकारी माणूस मला फार मोठा वाटतो. १९४८च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनात शेजाऱ्याच्या गवताला लागलेली आग विझवताना हृदयविकाराने ते गेले. कुठली आग राखायची आणि कुठली विझवायची, हा फरक त्यांना कळत होता.

तो फरक मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. आपल्या सह्याद्रीत वीज येते ती बहुधा वळवाच्या पावसासोबत. वणवे लागतात ते काडीने, बिडीने, गवत जाळण्याच्या जुन्या समजुतीने. वनरक्षक जानेवारीपासून जाळरेषा काढतात आणि माणसांनीच लावलेल्या आगीमागे रात्री डोंगर चढतात. हिलातला निर्णय त्यांच्यावर लादणं चुकीचं ठरेल. त्या सोंडेवरची आग त्या जंगलाची होती. आपल्याकडची जंगलाची नसते.

बाकीचे दीड दिवस आम्ही तो धूर पाहिला. हे काम विझवण्याहून सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याने पंधरा मिनिटांनी एकदा त्या केसातून पाहावं. दुपारी वाऱ्याने धूर आडवा झाला की बाई बोलणं अर्ध्यावर सोडायच्या. पांढरा धूर म्हणजे गवत आणि सुया. काळपट झाला तर राळेचं जिवंत झाड पेटलं. एकदा तो काळपट झाला. त्यांनी लगेच रेडिओ उचलला, वेळ लिहिली, बोटं टेबलावर टेकवून उभ्या राहिल्या. दहा मिनिटांत धूर पुन्हा पांढरा झाला, तेव्हा खाली बसल्या. रात्री मी पायऱ्यांवर बसून पाहिलं. अंधारात सोंडेवर मुठीएवढी लाल ठिपक्यांची रांग होती आणि ती धावत नव्हती, चरत होती.

सप्टेंबरमध्ये बाईंचं पत्र आलं. पाऊस मी उतरल्यावर आठवड्याने लागला आणि आग एकूण एकोणीस दिवस धुमसत राहिली. अकरा एकर जळले. हंगाम संपल्यावर त्या स्वतः चालत तिथे जाऊन आल्या होत्या. फरची रोपं करपली होती, राखेतून गवत उगवलं होतं आणि मोठ्या पाइनपैकी एकही मेला नव्हता.