हिऱ्याची पारख, रोगाची पारख

सुट्टीत सुरतेस मामांकडे गेलो होतो. तिथले पारखी प्रकाशात धरून हिऱ्यातील खोट ओळखतात. मामांच्या गालाच्या आतला तंबाखूचा व्रण मात्र कर्करोगाचा आहे, हे फार उशिरा कळले.

प्रकाशाने रोगही पारखता येतो. काचेच्या लोलकावर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर देतात. एका ठराविक कोनातून आलेल्या किरणाची शक्ती सोन्यातील इलेक्ट्रॉन शोषून घेतात व परावर्तित प्रकाश मंदावतो. थरावर बसविलेल्या प्रतिपिंडांना रोगाचे प्रथिन चिकटले, की हा कोन किंचित सरकतो. १९८३ साली स्वीडनमध्ये लिडबर्ग व सहकाऱ्यांनी ही रीत जैविक परीक्षेस लावून दाखविली.

परंतु रक्तातील इतर प्रथिनेही थराला चिकटतात, ही मोठी अडचण. म्हणून अजून बायोप्सीच निर्णायक. तेव्हा मित्रहो, तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मामांनी तो दाखविला नव्हता.