एमिल पोस्ट आणि परीक्षेचं वेळापत्रक

बीजगणित आणि तर्कशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांचं कॉम्प्युटर सायन्सच्या विभागात काय काम, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तराची सुरुवात मी १९२० सालच्या एका प्रबंधापासून करणार आहे. कोलंबिया विद्यापीठात तो सादर करणारा एमिल पोस्ट तेव्हा तेवीस वर्षांचा होता. बारावीच्या गणितात आपण सत्यता सारण्या भरतो. पोस्टने त्याच सारण्या वापरून दाखवलं, की रसेल आणि व्हाइटहेड यांच्या विधान-तर्कात जे जे नेहमीच खरं ठरतं, ते ते सगळं सिद्धही करता येतं.

हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लहानपणी आजच्या पोलंडमधून न्यूयॉर्कला आलेल्या या मुलाने अपघातात एक हात गमावला होता. ठरावीक नियमांनी गणितातलं प्रत्येक सत्य सिद्ध करता येत नाही, हे सांगणारं गोडेलचं जगप्रसिद्ध प्रमेय १९३१ चं. त्याचा गाभा पोस्टला दहा वर्षं आधीच दिसला होता. पण मानसिक आजार बळावत गेला आणि काम छापायचं राहून गेलं. १९३६ मध्ये त्याने मांडलेलं गणनयंत्र कॉम्प्युटरचा पाया मानल्या जाणाऱ्या ट्युरिंगच्या यंत्राशी जवळजवळ तंतोतंत जुळतं, आणि तेही ट्युरिंगचं काम न पाहता.

आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो त्याच्या १९४१ च्या पुस्तिकेचा. शून्य आणि एक यांच्यावरच्या मोजक्या क्रिया हाताशी असतील, तर त्या एकमेकींत गुंफून आणखी कोणत्या बनवता येतील? अशा क्रियांची जेवढी म्हणून कुटुंबं संभवतात, ती सगळी पोस्टने शोधून काढली. कुटुंबं अनंत आहेत, तरी यादी पूर्ण आहे!

याचा उपयोग कुठे होतो, ते परीक्षेच्या वेळापत्रकात बघू. एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर एका वेळी येऊ नयेत, एवढीच अट. सत्रं दोनच आहेत, सकाळ आणि दुपार, म्हणजे आपले शून्य आणि एक. अट पाळणारी कोणतीही तीन वेळापत्रकं घ्या आणि प्रत्येक पेपरसाठी बहुमत काढा: तिन्हींपैकी किमान दोहोंत तो सकाळी असेल तर सकाळी, नाही तर दुपारी. तयार होणारं वेळापत्रकही अट पाळतंच, कारण टक्कर होणारे पेपर तिन्हींत समोरासमोरच्या सत्रांत होते. उत्तरांतून उत्तर घडवणारी अशी क्रिया सापडली, की कॉम्प्युटरला झटपट रीत मिळते. आता सत्रं तीन करा. कितीही वेळापत्रकं, कोणत्याही नियमाने एकत्र करा. तो नियम कायम चालायला हवा असेल, तर त्यांतलंच एखादं, फार तर सत्रांची अदलाबदल होऊन, परत हाती येतं. पेपर वाढतील तसा कॉम्प्युटर इथे गुदमरतो.

दोन मूल्यांच्या, म्हणजे प्रत्येक जागी दोनच पर्याय असलेल्या, कोड्यांत एक तर असं सोपं असतं नाही तर तसं अवघड, मधलं काही नसतं, हे थॉमस शेफरने १९७८ मध्ये सिद्ध केलं. त्याचे सोपे प्रकार पोस्टच्या यादीतून सरळ निघतात, हे पुढे उमगलं. मूल्यं कितीही असोत, मर्यादित असली की हेच खरं असणार, असा फेडर आणि वर्दी यांचा १९९३ चा अंदाज होता. पण तीन मूल्यांवर कुटुंबं इतकी होतात, की त्यांना क्रमांकही देता येत नाहीत. म्हणून २०१७ उजाडलं. त्या वर्षी आंद्रेई बुलातोव आणि दिमित्री झुक यांनी तो अंदाज स्वतंत्रपणे सिद्ध केला. दोघेही मूळचे अशा क्रियांचा अभ्यास करणाऱ्या बीजगणिताच्या शाखेतले.

ज्याचं उत्तर झटपट तपासता येतं ते झटपट सोडवताही येतं का, हे पी आणि एनपीचं कोडं यामुळे सुटलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अवघड कोड्यांना झटपट रीत नाहीच, हे या निकालाने सिद्ध होत नाही, ते वेगळं गृहीत धरावं लागतं. शिवाय कामं उरलीच आहेत. तीन सत्रांत बसेल अशी हमी असलेलं वेळापत्रक पाच सत्रांत बसवणंही तेवढंच अवघड आहे, हे २०१९ मध्ये याच बीजगणिताने दाखवलं. सहा सत्रं दिली तर काय, यावर सध्या काम चालू आहे.