गाठ दुखत नाही, म्हणून थांबू नका

सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत स्तनातील गाठ दाखवायला आलेल्या बाईला ‘किती दिवस झाले?’ असे विचारले, तर उत्तर क्वचितच दिवसांत मिळते. ‘दिवाळीच्या आधीपासून आहे’, ‘धाकटीच्या लग्नात हाताला लागली होती’, अशी मोजदाद होते. इतके दिवस का थांबलात, याचे उत्तरही ठरलेले असते: ‘दुखत नव्हती ना!’

न दुखणे म्हणजे काळजीचे कारण नाही, हा हिशेब दाढेला चालत असेल; स्तनाच्या बाबतीत तो चुकतो. पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होणे, ठणकणे, हाताला बारीक गाठी लागणे हे बहुधा संप्रेरकांच्या चढउतारामुळे होते आणि पाळी आली की ओसरते. कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला सहसा दुखत नाही. ती वाटाण्याएवढी असते तेव्हा स्वयंपाकाला, शेतातल्या कामाला, झोपेला कशालाच अडवत नाही, म्हणून अंगावर काढली जाते. कातडीवर जखम होऊन ठणका लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. अर्थात दुखणारी गाठ कर्करोगाची नसतेच, असाही नियम नाही. दुखते की नाही, यावरून निदान करता येत नाही, एवढेच.

त्याच वेळी हेही सांगायला हवे, की स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. विशी-तिशीतल्या मुलींमध्ये सर्वाधिक आढळते ती फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठ. गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखालून सटकणारी. तिच्या या चपळाईमुळे डॉक्टर मंडळी तिला ‘स्तनातला उंदीर’ म्हणतात. पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान पाण्याने भरलेल्या गाठी होतात; सुईने पाणी काढले की बऱ्याचशा तिथेच बसतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात दूध तुंबून गाठ येते, कधी जंतुसंसर्ग होऊन ताप भरतो, पू होतो. आपल्याकडे स्तनाचा क्षयरोगही अधूनमधून दिसतो आणि तो हुबेहूब कर्करोगासारखा भासू शकतो. काही जणी ‘हंड्याचा काठ लागला होता’ असे सांगतात. मार लागल्याने कर्करोग होत नाही. अनेकदा मार लागल्यामुळे हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते.

यातली कोणती गाठ कसली, हे नुसत्या हाताने खात्रीने सांगता येत नाही. अनुभवी सर्जनचाही हात फसतो. म्हणून तपासणी तिहेरी असते: डॉक्टरांनी हाताने तपासणे, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे सुईने गाठीचा बारीकसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवणे. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. तेव्हा सोनोग्राफी अधिक कामाची. ‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ ही समजूत गावोगावी पक्की आहे. ती खरी नाही. उलट सुईच्या तपासणीविना उपचार ठरवणे म्हणजे अंधारात चाचपडणे. गाठ लहान असताना निदान झाले तर बऱ्याच रुग्णांमध्ये पूर्ण स्तन काढावा लागत नाही, हेही घरी बोलले गेले पाहिजे. कारण त्याच भीतीने अनेक जणी गाठ लपवतात.

वेळेवर तपासण्याने काय साधते, याचा पुरावा मुंबईतलाच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी एका गटात प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी करत; मॅमोग्राफी नव्हती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीच्या वरच्या महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखाली तसा फरक दिसला नाही. म्हणजे तरुण स्त्रीने शिबिराची वाट पाहत बसू नये; हाताला लागलेली गाठ स्वतःहून दाखवावी.

किती थांबायचे? पाळी सुरू असलेल्या तरुण स्त्रीला पाळीच्या तोंडावर मऊसर गाठ जाणवली, तर एक पाळी जाऊ द्यायला हरकत नाही. नंतरही राहिली तर दाखवावी. पाळी गेलेल्या स्त्रीने मात्र नवी गाठ लागली की थांबूच नये. गाठ कडक असणे, जागची न हलणे, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, बोंडावर न भरणारी खाज किंवा खपली, काखेत गाठ, यांपैकी काहीही असेल तर वय न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. औषधे घेऊनही स्तनाची लाली, सूज दोन आठवड्यांत उतरली नाही, तर बाळ पाजणाऱ्या आईचीही पुढची तपासणी व्हायला हवी. एरंडाचे पान, शेक, लेप यांत महिने घालवू नयेत. आणि हो, हा आजार क्वचित पुरुषांनाही होतो.

सुरुवात आयुष्मान आरोग्य मंदिरापासून करता येते. तिशीपुढील महिलांची स्तनतपासणी तिथल्या कार्यक्रमात आहे. आशाताईंच्या फॉर्ममध्येही स्तनातील गाठीचा प्रश्न असतो, त्याला लाजून ‘नाही’ म्हणू नये. पुरुष डॉक्टरांचा संकोच वाटला तर सोबत परिचारिका किंवा घरची बाई थांबू शकते. कर्करोगच निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार आहेत.

गाठ कुठेही काढली, तरी ती प्रयोगशाळेत पाठवली का, हे नातेवाइकांनी विचारावे. ‘साधीच होती’ म्हणून टाकून दिलेल्या गाठीचे निदान नंतर कुणालाच करता येत नाही. अहवालाचा कागद जपून ठेवावा आणि पुढच्या डॉक्टरकडे जाताना प्रयोगशाळेतून काचपट्ट्या व मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा. औषध ठरवण्याआधी त्यावरच पुन्हा तपासण्या होतात.