दमलेल्या माणसांचा खेळ

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं होल्योक हे कागद गिरण्यांचं गाव. १८९५ साली तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेच्या शाखेत विल्यम मॉर्गन हा तरुण व्यायाम शिक्षक होता. त्याच्याकडे येणारे बरेच जण मध्यमवयीन व्यापारी. शेजारच्या स्प्रिंगफिल्डमध्ये चार वर्षांपूर्वी निघालेला बास्केटबॉल त्यांना झेपेना. धावून दम लागायचा, धक्काबुक्कीत अंग ठेचायचं. मॉर्गनने त्या माणसांना नावं ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी नवा खेळच रचला. टेनिसचं जाळं साडेसहा फुटांवर, उंच माणसाच्याही डोक्यावर राहील असं बांधलं आणि दोन संघ दोन बाजूंना ठेवले. अंगाला अंग लागायचा प्रश्नच मिटला. चेंडूने मात्र दमवलं. बास्केटबॉलच्या आतला फुगा फारच हलका, अख्खा बास्केटबॉल मनगटाला जड. शेवटी स्पॉल्डिंग कंपनीकडून वेगळा चेंडू करून घेतला. किती जणांनी खेळायचं यावर सुरुवातीला बंधन नव्हतं. जो येईल त्याला घ्यायचं. १८९६ साली स्प्रिंगफिल्डला प्रात्यक्षिक झालं, तेव्हा एका संघाचा कप्तान होल्योकचा महापौर होता, दुसऱ्याचा तिथल्या अग्निशमन दलाचा प्रमुख.

हा व्हॉलीबॉल एका धार्मिक संस्थेत जन्मला, हा मला योगायोग वाटत नाही. १८४४ साली लंडनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने सोबत्यांना घेऊन वायएमसीए सुरू केली, ती प्रार्थना आणि बायबलवाचनासाठी. पुढे ल्यूथर गुलिक यांनी शरीर, मन आणि आत्मा अशा तीन बाजूंचा त्रिकोण संस्थेला दिला. शरीराची हेळसांड करून भक्ती होत नाही, हा त्यामागचा विश्वास. आपल्याकडे आखाड्यात मारुतीसमोर नमस्कार घालून जोर मारणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वायएमसीएच्याच हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी जोडलेले सर दोराबजी टाटा तेव्हा भारतीय ऑलिंपिक चळवळ उभी करत होते. त्या चळवळीतून १९२४ साली पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापक बकच होते.

व्हॉलीबॉल वाळूवर उतरला तेव्हा चित्र पालटलं. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर १९३० च्या सुमारास दोघादोघांचा डाव रुळला आणि १९९६ साली अटलांटात तो ऑलिंपिकला पोहोचला. उडी मारून उतरताना वाळू गुडघ्यांना सांभाळते खरी, पण प्रत्येक पावलाला जास्त जोर मागते. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद अंगण दोघांनीच राखायचं आणि राखीव खेळाडू नाही. एक जायबंदी झाला की संघच बाद.

म्हणून किनाऱ्यावर देवाचं नाव घेऊन स्पर्धा भरवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं ते सामन्याआधीच्या प्रार्थनेपेक्षा पुढच्या तयारीचं. वाळूत शिंपले-खडे राहिलेत का हे हाताने चाचपून पाहणारा स्वयंसेवक, दोन सामन्यांमध्ये मंडपाची सावली, गार पाणी, भर दुपारी खेळ थांबवायची हिंमत. नियमांनीही थोडी काळजी घेतली आहे. वाळू किमान ४० सेंटीमीटर खोल हवी. ऊन आणि वारा एकाच संघाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून पहिल्या दोन सेटमध्ये दर सात गुणांनी बाजू बदलायची. आणि कुणाला लागलं, तर सावरायला पाच मिनिटं. तेवढ्या वेळात डॉक्टर जाळ्यापाशी पोहोचायचा, तर तो मैदानावर आधीपासून बसलेला हवा.