ग्रंथालयांचे डिजिटल संग्रह आणि आपला मराठी ख्रिस्ती ठेवा



नागपुरातील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'वर निबंध लिहावयास बसला आहे, असे समजू या. तो एका ग्रंथालयाचे संकेतस्थळ उघडतो, शोधाच्या चौकटीत 'ख्रिस्तपुराण' असे टंकित करतो, आणि 'काहीही आढळले नाही' असे उत्तर येते. ग्रंथ संग्रहात असतो. त्याची सर्व पाने परिश्रमपूर्वक स्कॅन करून ठेवलेली असतात. परंतु नोंद करणाऱ्याने नाव 'क्रिस्तपुराण' असे लिहिलेले असते, किंवा केवळ रोमन लिपीत दिलेले असते. आपल्या भाषेत असे काही नाहीच, अशी समजूत करून घेऊन तो मुलगा इंग्रजीकडे वळतो. ग्रंथ संगणकावर चढविणे आणि तो वाचकाच्या हाती पोहोचविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडवून आणणाऱ्या वेब डेव्हलपरच्या, म्हणजे संकेतस्थळ विकसकाच्या, कामाविषयी आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही. म्हणून हा लेख.

'ख्रिस्तपुराणा'चेच उदाहरण पुढे चालवू. विल्टशायरमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेले हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि पुढील चाळीस वर्षे साष्टीच्या परिसरात राहिले. सुमारे ११ हजार ओव्यांचे त्यांचे महाकाव्य १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखित नकलांमुळे.

हे मराठी काव्य छापले गेले रोमन लिपीत. देशी लिपीत छापण्याची फादर स्टीफन्स यांची स्वतःची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी येशूसंघाचे प्रमुख फादर आक्वाव्हिवा यांना पत्र लिहून तशी अनुमती मागितली होती. अडचण खिळ्यांची होती. जोडाक्षरे आणि मात्रा धरून शेकडो साचे पाडावे लागणार होते, आणि ते झाले नाही. पोर्तुगीज उच्चारपद्धतीने लिहिलेल्या त्या रोमन मजकुरात 'श' या ध्वनीसाठी 'एक्स' हे अक्षर येते. १९०७ मध्ये जोसेफ साल्दान्हा यांनी मंगळूर येथे काढलेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित असल्याचे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी अभ्यासकांच्या निदर्शनास आणले. त्यानंतर १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली. पुढे १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये सलेशियन धर्मगुरू नेल्सन फाल्काव यांची आवृत्ती आली.

आता ही सर्व पुस्तके एका ग्रंथालयात आहेत असे क्षणभर धरा. ग्रंथनाम चार-पाच प्रकारांनी लिहिलेले, लिपी दोन, आणि ग्रंथकर्त्याचे नाव कोठे 'स्टीफन्स', कोठे 'स्टीव्हन्स', तर कोठे पोर्तुगीज वळणाचे 'एस्तेव्हांव'. हे सारे एकच, हे मनुष्यास कळते. यंत्रास कोणीतरी सांगावे लागते. ग्रंथपाल त्यासाठी 'प्रमाण नामनोंद' करतो. एका व्यक्तीसाठी एक क्रमांक देऊन तिच्या नावाची सर्व रूपे त्या क्रमांकास जोडली जातात. जगातील अनेक राष्ट्रीय ग्रंथालयांच्या अशा नामनोंदी 'व्हीआयएएफ' या सामायिक सूचीत एकत्र आणलेल्या आहेत. विकसकाचे काम असे, की वाचकाने कोणतेही रूप टंकित केले तरी शोधयंत्राने आधी तो क्रमांक गाठावा आणि मग त्यास जोडलेले सर्व ग्रंथ समोर ठेवावेत. वरून पाहता ही लहानशी सोय वाटते. आमच्या मते मात्र संग्रहाचे निम्मे मोल तिच्यावर अवलंबून आहे.

येथे मराठीची काही खास दुखणी आहेत आणि ती विस्ताराने सांगणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण बाहेरून आणलेल्या तयार सॉफ्टवेअरला ती ठाऊक नसतात.

पहिले दुखणे जुन्या टंकांचे. २००० च्या दशकात आपल्याकडील बहुतेक मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आकृती अशा टंकांत तयार होत असे. त्यात संगणकाच्या स्मृतीत मराठी अक्षर साठविले जातच नसे. साठविले जाई एखादे इंग्रजी अक्षर वा चिन्ह, आणि टंक त्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवी. मुखवटा निघाला की उरतात निरर्थक चिन्हे. आमच्याच संग्रहातील त्या काळचे काही मजकूर आज उघडले तर प्रभूच्या जन्माचा संदेश कोठला आणि सणाची सूचना कोठली, हे ओळखता येत नाही. यावर उपाय आहे. प्रत्येक टंकासाठी रूपांतराचा तक्ता करून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. परंतु कोणता मजकूर कोणत्या टंकात होता याची नोंद नसेल, तर प्रथम तेच शोधावे लागते. शिवाय ऱ्हस्व इकार आधी की अक्षर आधी, रफार कोणत्या अक्षरावर, अशा ठिकाणी यंत्र चुकते आणि डोळ्यांनी तपासणी करावीच लागते.

दुसरे दुखणे युनिकोडमध्येही शिल्लक आहे. आपल्या लाडक्या संताचे नाव घ्या. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यापूर्वी कोणी 'अ' वर अर्धचंद्र देऊन काम भागवी, तर कोणी हिंदीचा 'ऍ' वापरी. त्यामुळे 'ॲन्थनी', 'अ‍ॅन्थनी' आणि 'ऍन्थनी' ही कागदावर एकच भासणारी नावे संगणकाच्या लेखी तीन वेगवेगळे शब्द आहेत. 'अँथनी', 'अंतोनी' ही रूपे निराळीच. हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संताचे नावच असे हरवावे, हा योग मोठा गमतीचा! वाचक एका रूपाने शोधतो आणि इतर रूपांतील नोव्हेनाची पुस्तके त्यास दिसत नाहीत.

यासाठी विकसक मूळ मजकुरास हात न लावता शोधासाठी वेगळी अनुक्रमणी तयार करतो. तिच्यात 'ॲ' ची सर्व रूपे एक मानली जातात, 'नागपूर' आणि 'नागपुर' एक मानले जातात, अनुस्वार आणि अर्धा नकार यांतील भेद सैल केला जातो. मात्र ही सफाई बेतानेच करावी लागते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांत फरक केवळ 'र' च्या जोडणीचा आहे. काही संगणकांवर हा दुसरा 'र' एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने लिहिलेला असतो. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून ती सरसकट काढून टाकली, तर स्वयंपाकघरातील आचारी थेट आचार्यपदी जाऊन बसतो. मराठी न जाणणाऱ्या तंत्रज्ञाने अशी चूक केली तर त्यास दोष देता येणार नाही. मराठी जाणणारा ग्रंथपाल त्याच्या शेजारी बसला पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

तिसरी गोष्ट, स्कॅन केलेले पान हे संगणकासाठी केवळ चित्र असते. त्यातील शब्द शोधावयाचे तर अक्षरओळख करून घ्यावी लागते. 'टेसरॅक्ट' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर मराठीसाठीही वापरता येते. स्वच्छ छापलेल्या अलीकडील पुस्तकांवर ते चांगले चालते. परंतु शिरोरेषेने जोडलेली अक्षरे, झिजलेले खिळे आणि पिवळा पडलेला कागद एकत्र आले की ते गोंधळते. शिळाछापाच्या किंवा मोडी लिपीतील कागदांसमोर तर मनुष्याचे डोळेच हवेत. अशी ओळख झालेला मजकूर चित्रामागे ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. दृष्टिहीन बंधू-भगिनी ज्या वाचकयंत्राचा आधार घेतात, ते चित्र वाचू शकत नाही. त्यास अक्षरे लागतात.

वर्षाचा घोळही लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा शालिवाहन शकच छापलेला असतो. शके १८२९ म्हणजे सन १९०७. शकात ७८ मिळवावे, आणि शकवर्षाच्या अखेरचे महिने असतील तर ७९. एकाच रकान्यात शके आणि इसवी सन मिसळले, की शतकानुसार लावलेली यादी पार विस्कटते.

पान पाहण्याच्या सोयीविषयी थोडक्यात सांगतो. पूर्वी चारशे पानांचा ग्रंथ एका अवजड फाइलमध्ये ठेवून देत आणि वाचकास ती पूर्ण उतरवून घ्यावी लागे. खेड्यातील धर्मग्रामात मोबाईलवर वाचणाऱ्यास ते अशक्यप्राय. आता 'आयआयआयएफ' या खुल्या पद्धतीने पानाचे लहान तुकडे होतात आणि वाचक पाहत असेल तेवढाच भाग त्याच्याकडे पाठविला जातो. व्हॅटिकन ग्रंथालयात सुमारे ८० हजार हस्तलिखिते आहेत. २०१४ मध्ये एका जपानी कंपनीच्या साहाय्याने त्यांपैकी सुमारे ३ हजार हस्तलिखितांच्या संगणकीकरणाचा करार झाला, आणि त्या ग्रंथालयाचे डिजिटल संकेतस्थळही याच पद्धतीने पाने दाखविते. रोमला न जाता नागपुरात बसून ती पाहता येतात, तीही विनामूल्य.

आता आपल्या नागपूरकडे वळू. आनेसी येथे १८३८ मध्ये फादर पीटर मर्मिए यांनी स्थापन केलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू १८४५ मध्ये भारतात आले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. या इतिहासाचे स्वरूपच असे, की त्याची साधने फ्रेंच, लॅटिन, इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा अनेक भाषांत विखुरणार. जुन्या इंग्रजी कागदांत आपले शहर 'नागपोर' आहे आणि कामठी 'काम्प्टी' आहे. आज मराठीतून 'कामठी' असा शोध घेणाऱ्यास ते कागद मिळावयाचे, तर ग्रंथकर्त्यांच्या नावांप्रमाणेच स्थलनामांचीही सूची व्हावयास हवी.

हे काम संगणकापासून सुरू होत नाही, याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. धर्मसंहितेच्या ४९१ व्या कलमानुसार धर्मप्रांतातील कॅथेड्रल आणि धर्मग्राम इत्यादींच्या दप्तरांची सूची दोन प्रतींत करावयाची असते. एक प्रत स्थानिक दप्तरात राहते आणि दुसरी धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात. कलम ५३५ नुसार धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जतन करावयाच्या असतात. ही सूची नीट असेल, तर विकसकाचे काम काही आठवड्यांचे. ती नसेल, तर कितीही कुशल तंत्रज्ञ आणला तरी तो 'स्कॅन ००१', 'स्कॅन ००२' अशा नावांच्या चित्रांचा ढीगच रचणार. सूचीसाठी फार मोठी विद्याही लागत नाही. 'डब्लिन कोअर' या १९९५ पासूनच्या सुटसुटीत पद्धतीत अवघे १५ रकाने आहेत : शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी. हे रकाने साध्या वहीतही भरता येतात.

हक्कांच्या रकान्याकडे दुर्लक्ष नको. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे 'निरोप्या' किंवा 'सुवार्ता' यांसारख्या मासिकांचे जुने अंक सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी लेखकनिहाय विचार करावा लागतो. बाप्तिस्म्याच्या वह्यांची गोष्ट तर अधिक नाजूक. त्यांत जन्माविषयी, दत्तकविधानाविषयी, विवाहाविषयी खासगी नोंदी असतात. त्या स्कॅन करून सुरक्षित ठेवाव्यात हे योग्यच, पण महाजालावर मुक्तपणे मांडू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. जतन आणि प्रकाशन यांसाठी दोन स्वतंत्र कोठारे ठेवणे, ही विकसकाने पहिल्याच दिवशी करावयाची गोष्ट आहे. नंतर ती करणे महाग पडते.

आणखी एक जबाबदारी पत्त्यांची. संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले की जुने दुवे तुटतात, आणि एखाद्या प्रबंधाच्या तळटीपेत दिलेला पत्ता कोठेच पोहोचत नाही. म्हणून 'डीस्पेस'सारख्या ग्रंथसंग्रह-प्रणालीत प्रत्येक ग्रंथास कायमस्वरूपी क्रमांक मिळतो. सॉफ्टवेअर बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध एकत्र करणारे 'शोधगंगा' हे भांडार याच प्रणालीवर उभारले गेले.

ज्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव नागपूरच्या कॅथेड्रलला आहे, त्यांना १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. शाब्ले प्रांतात लोक प्रवचनास येईनात, तेव्हा या तरुण धर्मगुरूने आपले विचार कागदांवर लिहून त्यांच्या प्रती घरोघरी पोहोचविल्या आणि बंद दारांच्या फटींतून आत सरकविल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आपल्या धर्मग्रामात जुनी मराठी प्रार्थनापुस्तके, गीतसंग्रह, सणांच्या स्मरणिका किंवा मासिकांचे अंक असतील, तर त्यांची यादी वरील १५ रकान्यांपैकी जमतील तेवढे भरून करून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. ग्रंथनाम मुखपृष्ठावर असेल तसेच, त्याच शुद्धलेखनाने लिहावे. शके असल्यास शकेच लिहून पुढे इसवी सन द्यावा. आणि मजकूर संगणकावर असेल, तर तो कोणत्या टंकात आहे, हे कृपया विसरू नये.