भाकड महिन्याचे पीक

आपल्या पंचांगात पौषाइतका उपेक्षित महिना दुसरा नाही. श्रावणाला व्रते आहेत, आश्विनाला नवरात्र व दिवाळी आहे, मार्गशीर्षाला तर गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपली विभूतीच म्हटले आहे. पौषाच्या वाट्याला मात्र ना लग्न, ना मुंज, एक संक्रांत काय ती! म्हणूनच बायकांच्या तोंडी याचे नाव ‘भाकड महिना’ असे पडले. परंतु भाकड गाय निरुपयोगी असे शहाणा शेतकरी कधी म्हणत नाही. पुढच्या वेताची तयारी तिच्या पोटी याच काळात चाललेली असते. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य शिक्षकीत गेले, आणि साठी उलटल्यावर त्याचे असे मत बनले आहे की, घरातील प्रत्येकाने आपल्या विद्येचा जमाखर्च पाहावा व पुढील वर्षाचा पाठ नेमावा, यास या भाकड महिन्यासारखा दुसरा मुहूर्त नाही.

सृष्टीचेही या कामी साह्य असते. डिसेंबरच्या उत्तरार्धात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा व रात्र सुमारे १३ तासांची होते. पावसाचा गोंगाट संपलेला, उन्हाची तलखी अद्याप दूर. आमच्या कृष्णाकाठच्या गावी तर पहाटे धुके इतके दाट उतरते की, घाटावरचा आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. हेमंतात जठराग्नी प्रदीप्त असतो असे आयुर्वेद सांगतो. धुंधुरमासात सूर्योदयालाच मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी यांचे भोजन करण्याची आपली चाल याच ज्ञानाला धरून आहे. अन्न पचविण्यास जो ऋतु योग्य, तोच वाचलेले पचविण्यासही योग्य, असे म्हटले तर वैद्यमंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

ही कल्पना माझी नव्हे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वेदाध्ययनाचे वर्ष कसे आखावे ते दिले आहे. श्रावणाच्या किंवा भाद्रपदाच्या पौर्णिमेस उपाकर्म करून अध्ययनास आरंभ करावयाचा, साडेचार महिने ते नेटाने चालवावयाचे, आणि पौषात किंवा माघाच्या पहिल्या दिवशी गावाबाहेर जाऊन त्याचे उत्सर्जन करावयाचे. श्रावणी आपल्या घरांतून अजून होते. उत्सर्जनाचा मूळ काळ मात्र फारसा कोणाच्या ध्यानी राहिलेला नाही. उत्सर्जन म्हणजे सोडून देणे. पण विद्या सोडून देणे नव्हे. त्यापुढे शुक्ल पक्षात वेद व कृष्ण पक्षात वेदांगे म्हणावीत, असे लगेच पुढे सांगितले आहे. म्हणजे हिवाळ्यात पूर्वीचे विद्यार्थी क्षणभर थांबत, झालेले बाजूस ठेवीत, आणि पुढचा क्रम नव्याने लावीत. या थांबण्याचे महत्त्व आपण विसरलो आहो.

थांबण्याऐवजी आपण काय करतो, ते मी स्वतःवरूनच सांगतो. नोकरीच्या ऐन भरात असताना एका वर्षी मी अकरा संकल्प लिहून काढले होते. सबंध अमरकोश, बंगाली भाषा, हार्मोनियम, ज्योतिष अशी ती यादी होती. होळीपर्यंत चार उरले, आषाढी एकादशीस एकही उरला नाही. व्याकरण-महाभाष्याच्या आरंभी पतंजलींनी एक कथा दिली आहे. बृहस्पती इंद्राला एकेक शब्द सांगू लागला. बृहस्पतीसारखा गुरु, इंद्रासारखा शिष्य, देवांची हजार वर्षे हाताशी. तरी शब्द संपले नाहीत. ही कथा मी वर्गात किती वेळा रंगवून सांगितली असेन! पण अकरा कलमांची यादी करताना ती मला आठवली नाही. जे सर्वच शिकू पाहते ते माणूस काहीच शिकत नाही, एवढा त्या वर्षाचा माझा लाभ.

याउलट एकाच विषयावर एकवटलेला हिवाळा काय करू शकतो, त्याचे उदाहरण आपल्याकडे प्रसिद्ध आहे. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याचा खर्डा मंडालेच्या तुरुंगात लिहिला तो १९१०-११च्या हिवाळ्यात. कार्तिकात आरंभ झाला, फाल्गुनाअखेर लेखन पुरे झाले. त्या वेळी त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. हे पाच महिन्यांचे काम पाहून कोणी थक्क होईल. पण वडिलांच्या अखेरच्या आजारात गीतेवरील प्राकृत टीका त्यांनी वाचून दाखविली ती १८७२ साली, आणि गीतेचे खरे तात्पर्य काय हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत राहिला, असे त्यांनीच प्रस्तावनेत नमूद केले आहे. प्रश्न एकच, तो अडतीस वर्षे जवळ बाळगलेला. एकान्त मिळताच त्याचा ग्रंथ झाला. त्याच तुरुंगात त्यांनी पुस्तकांवरून जर्मन व फ्रेंच या भाषांचाही अभ्यास केला. आपल्याला एकान्तासाठी तुरुंगात जावयास नको. घरातच तो काढावा लागतो. आणि इथेच खरी अडचण आहे.

ती अडचण मला तीन वर्षांपूर्वी समजली. आमच्या घरी पौष शुद्ध प्रतिपदेस रात्रीची जेवणे झाली की, सर्वांनी एकत्र बसून आपापला वर्षाचा पाठ सांगावयाचा व मी तो वहीत लिहावयाचा, अशी चाल मी सुमारे वीस वर्षे चालविली आहे. त्या रात्री मुलांचे, सुनांचे, नातवंडांचे लिहून झाले व मी वही मिटली. तेव्हा सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “अहो, सगळ्यांचे लिहिलेत; माझा रकाना तुम्ही कधी आखलाच नाही.”

मी वही उलगडून मागली पाने चाळली. खरोखरच नव्हता! “तुला काय शिकावयाचे आहे?” असे विचारल्यावर त्यांनी आपली ट्रंक उघडून पिवळ्या पानांची एक वही आणली. ती त्यांच्या आजीची, मोडीत लिहिलेली. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षे ती त्यांच्याजवळ होती आणि तिच्यातले एक अक्षरही त्यांस लागत नव्हते. “हे मला वाचावयाचे आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. संस्कृत शिकविण्यात हयात घालविलेल्या मला मोडी येत नव्हती. आणि माझ्या घरी अशी वही आहे, हेही मला ठाऊक नव्हते.

मग वेळेचा प्रश्न आला. पहाटे साडेपाच ते साडेसहा हा माझा चिंतनाचा तास. त्याच तासाला त्या चूल, म्हणजे आता गॅसची शेगडी, पेटवीत. ज्या शांततेचे मी वर्षानुवर्षे गुणगान केले, ती शांतता त्यांच्या कष्टांवर उभी होती! दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा चहा मी करू लागलो, न्याहारी मुलाने व सूनबाईंनी वाटून घेतली. आजी व आठवीतला नातू शेजारी बसून बाराखडी गिरवू लागले. मोडीत आधी आडवी रेघ ओढावयाची व अक्षरे तिला टांगावयाची. शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही. पहिला पौष अक्षरे ओळखण्यातच गेला. वही लागली ती दुसऱ्या हिवाळ्यात.

तीत काय निघाले? दूध, गूळ, सरपण यांचा हिशोब. पण मधल्या तीन पानांवर पाठ केलेल्या स्तोत्रांची यादी होती, आणि दोन नावांपुढे ‘अर्धे’ असे लिहिलेले होते. सौभाग्यवती त्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसल्या. त्यानंतर आमच्या वहीतही आम्ही ‘अर्धे’ असा रकाना आखला आहे. आणि त्यात पहिले नाव, त्या अकरा संकल्पांच्या स्मरणार्थ, माझे आहे.

आता आमचा परिपाठ थोडक्यात सांगतो. ज्यांस रुचेल त्यांनी घ्यावा.

प्रथम मागील वर्षाचे पाहावे: पुरे काय झाले, अर्धे काय राहिले, कशाचे आता उत्सर्जन करावे. जे आपल्याकडून होणार नाही ते मोकळ्या मनाने सोडावे. लाजेखातर दरवर्षी पुढे ओढीत नेऊ नये.

मग एकच पाठ घ्यावा आणि तो मोजता येईल असा घ्यावा. ‘गीता शिकेन’ असे न म्हणता ‘पंधरावा अध्याय’ म्हणावे. त्याचे श्लोक वीस. शुक्ल पक्षात रोज दोन केले तर दहा दिवसांत होतात व चुकलेल्या दिवसांसाठी पाच हाती उरतात. कृष्ण पक्षात उजळणी व अर्थ. महिन्याच्या या दोन भागांची वाटणी मनूकडूनच घेतली आहे. ती श्लोकांना लागू पडते, तशीच गणिताला, शिवणाला वा परभाषेलाही पडते. सबंध गीता हवी असेल तर तिचे ७०० श्लोक रोज दोनप्रमाणे ३५० दिवसांत होतात. घाई करण्याचे कारण नाही.

तिसरे, शिकलेले कोणास तरी सांगावे. विद्या चार वेळांनी उपयोगी पडते असे महाभाष्यात म्हटले आहे: गुरूकडून घेण्याची वेळ, स्वतः घोकण्याची वेळ, दुसऱ्यास शिकविण्याची वेळ आणि व्यवहारात आणण्याची वेळ. एकत्र कुटुंबात शिष्याची वाण कधीच नसते. आमच्याकडे नातू आजीचा गुरु झाला तो याच न्यायाने. त्या तासापुरते घरातील सर्व भ्रमणध्वनी देवघराच्या कोनाड्यात ठेवले जातात, हे सांगावयास नकोच.

आणि शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत आधीचे: संकल्पाची वही उघडण्यापूर्वी, घरात पहाटे सर्वांआधी कोण उठते ते पाहावे, आणि पहिला रकाना त्या व्यक्तीच्या नावाने आखावा. भाकड महिन्यात पीक निघते ते असे. यंदाच्या पौषात आमच्या वहीत पहिले नाव कोणाचे येईल, हे वाचकांस निराळे सांगण्याचे प्रयोजन नाही.